कॅरोलिनातल्या मराठी मंडळांना खुले पत्र: हॉल बुक करताना गिरणीचं नाव विचारा

नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनातल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी, कार्यकारिणीचे सदस्य आणि रविवारच्या मराठी शाळा चालवणारे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गणपती-दिवाळीच्या कार्यक्रमांसाठी हॉल शोधणं सुरू झालं आहे आणि दरवर्षीप्रमाणे यंदाही यादीत दोन-तीन जुन्या कापडगिरण्या आहेत. उंच छत, जाडजूड लाकडी खांब, उघड्या विटांच्या भिंती, बाहेर चिमणी आणि हवं तेवढं पार्किंग. फोटो झकास येतात. हॉटेलच्या बँक्वेटपेक्षा भाडंही परवडतं. माझी हरकत हॉलला अजिबात नाही. हरकत आहे ती निमंत्रणपत्रिकेला. तिच्यावर ‘रस्टिक व्हेन्यू’ असं छापलेलं असतं, पार्किंगचा नकाशा असतो, पाणीपुरीचा स्टॉल किती वाजता सुरू होणार तेही असतं. पण ही गिरणी कोणती, इथे सूत निघत होतं की चादरी, ती कधी बंद पडली आणि तिथली माणसं कुठे गेली, याबद्दल एक ओळ नसते.

मागे एका दिवाळी कार्यक्रमात सूत्रसंचालकाने ‘या सुंदर जुन्या गोदामात आपलं स्वागत’ अशी सुरुवात केली. ते गोदाम नव्हतं, कापूस पिंजायचं कार्डिंग खातं होतं. हे मला कळलं ते खुर्च्या लावायला आलेल्या एका म्हाताऱ्या माणसाकडून. त्याच्या आईची उभी हयात त्या जमिनीवर गेली होती. तो तासभर तिथे होता आणि आपल्या तीनशे माणसांपैकी एकानेही त्याला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही कुणाला वाटलं नसावं. त्यात मीही आलो. मला कळलं ते त्याने आपण होऊन सांगितलं म्हणून.

आता जरा स्पष्ट बोलतो. लोअर परळच्या गिरण्यांत मॉल आणि पब आले तेव्हा हळहळणारे आपणच. ‘भोंगा गेला, गिरणगाव गेलं’ असे मेसेज पहाटे पाच वाजता कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणारेही आपणच. आपल्यापैकी कुणाचे आजोबा सूतकताईच्या त्रासन खात्यात होते, कुणाच्या आईने खाणावळ चालवली. माझे वडील १९८२ च्या संपात घरी बसले ते कायमचे. आणि इथे आपण दुसऱ्याच्या गिरणगावात राहतो, त्यांच्या मिलमध्ये काढलेले लॉफ्ट फ्लॅट भाड्याने घेतो, त्यांच्या विणकाम खात्यात लावणीचा कार्यक्रम करतो, आणि ते गिरणगाव होतं हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

आय-८५ हा रस्ता आपल्याला तोंडपाठ आहे. अटलांटा सोडलं की ग्रीनव्हिल, स्पार्टनबर्ग, गॅफ्नी, गॅस्टोनिया, शार्लट, कनॅपोलिस, सॅलिसबरी, बर्लिंग्टन आणि मग डरम. आपल्याला ही एक्झिटची नावं. शंभर वर्षांपूर्वी ही रांग म्हणजे अमेरिकेच्या सूतकापडाचा कणा होती. डोंगर आणि समुद्रालगतचं मैदान यांच्या मधला हा पीडमॉन्टचा पट्टा. नद्या इथे उतारावरून खडकांवर उड्या मारत येतात, म्हणून आधी पाण्याच्या जोरावर आणि पुढे विजेवर गिरण्या उभ्या राहिल्या. साउथ कॅरोलिनातल्या ग्रॅनाइटव्हिलची गिरणी १८४० च्या दशकातली, पण खरी लाट आली १८८० नंतर. १९२० च्या दशकात या पट्ट्याने ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडला मागे टाकलं. ग्रीनव्हिल स्वतःला ‘जगाचं कापड केंद्र’ म्हणवून घ्यायचं. मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांचं काम इकडे आलं, कारण इथली मजुरी कमी होती आणि युनियन नव्हती. काम पुढे इथूनही निघून गेलं तेव्हा कारणं तीच होती, फक्त नकाशा मोठा झाला होता.

गिरणीभोवती गाव कसं असायचं? गिरणी खाली नदीकाठी, घरं वर टेकडीवर. म्हणून त्याला मिल हिल म्हणायचे. एकसारखी लाकडी घरं, पुढे ओसरी, मागे परसात भाजीचे वाफे. घर कंपनीचं. भाडं खोल्यांवर ठरायचं आणि पगारातून कापून जायचं. दुकान कंपनीचं, शाळा कंपनीची, आणि पाद्रीबाबांच्या पगारालाही कंपनीचा हातभार. बेसबॉलचा संघसुद्धा गिरणीचा. ग्रीनव्हिलच्या ब्रँडन मिलमध्ये पोरवयात कामाला लागलेला ‘शूलेस’ जो जॅक्सन अशाच गिरणी संघातून वर आला. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्याचं घर आता ग्रीनव्हिलमध्ये संग्रहालय आहे. आपल्या क्रिकेटवेड्या मंडळींनी एकदा तरी पाहावं.

काम घरटी मिळायचं. आईबाप आणि मुलं, सगळी गिरणीत. छायाचित्रकार लुइस हाइन १९०८ मध्ये या गावांतून फिरला आणि त्याने कामावरच्या मुलांचे फोटो काढले. साउथ कॅरोलिनातल्या लँकेस्टरच्या गिरणीत सूतकताईच्या साच्यासमोर उभ्या असलेल्या एका मुलीची उंची त्याने टिपून ठेवली आहे: ४८ इंच. इंडियन लँडमध्ये घरं घेतलेल्या आपल्या मित्रांनो, हे तुमच्याच काउंटीतलं लँकेस्टर. ‘इंडियन लँड’ या नावावरून आपले सगळे विनोद करून झाले आहेत. आता हाही फोटो बघा.

‘आपल्या चाळींसारखंच की!’ असं कुणी म्हणेल. थांबा. एक मोठा फरक आहे आणि तो समजल्याशिवाय या गावांचं मौन समजणार नाही. आपला गिरणी कामगार मुंबईत राहायचा, पण त्याचा एक पाय कोकणात किंवा घाटावर असायचा. संप झाला की बोचकं उचलून तो गावी जायचा. १९२८ चा मुंबईचा संप जवळजवळ सहा महिने चालला त्यामागे हे गावाकडचं तांदूळ-नाचणीचं बळही होतं. पीडमॉन्टचा कामगार बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर खंडाने राबणारा किंवा डोंगरातला गरीब शेतकरी. तो गिरणीत आला तो शेतीवर पाणी सोडूनच. नोकरी गेली की घर गेलं, घर गेलं की गाव गेलं. त्याला परतायला जागा नव्हती. मालकाला हे पक्कं ठाऊक होतं.

साल बघा. १९२८ मध्ये मुंबईत विणकराला दोनऐवजी तीन माग सांभाळायला लावण्याचा घाट घातला गेला, त्यावरून वणवा पेटला आणि गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा गिरणगावात घरोघरी पोचला. मार्च १९२९ मध्ये कम्युनिस्टांवरच्या मेरठ खटल्यासाठी तिच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्यानंतर काही दिवसांतच, १ एप्रिल १९२९ ला, नॉर्थ कॅरोलिनातल्या गॅस्टोनियात लोरे मिलचे कामगार बाहेर पडले. कारण? माणसं कमी आणि माग जास्त. इथे त्याला ‘स्ट्रेच-आउट’ म्हणत. संपाची युनियनही कम्युनिस्टांचीच. मग नॅशनल गार्ड हे राज्याचं सैन्यदल आलं, कुटुंबांना कंपनीच्या घरांतून सामानासकट रस्त्यावर काढलं, त्यांनी तंबू ठोकले. जूनमध्ये तंबूंच्या वस्तीवर झालेल्या गोळीबारात गावचा पोलीसप्रमुख मारला गेला. सप्टेंबरमध्ये एला मे विगिन्स.

एला मे शेजारच्या बेसेमर सिटीत सूतगिरणीत काम करायची. वयाची तिशीही गाठली नव्हती. नऊ मुलं झाली, त्यांतली चार गेली. मुलं डांग्या खोकल्याने आजारी असताना रात्रपाळी बदलून दिवसपाळी मागितली आणि मुकादमाने दिली नाही, हे ती सभांमधून सांगायची. स्वतः गाणी रचायची आणि संपाच्या सभांत गायची. कृष्णवर्णीय वस्तीत राहायची आणि त्या शेजाऱ्यांना युनियनमध्ये आणायला धडपडायची, जे त्या काळात त्या मुलखात गोऱ्या बाईने करणं म्हणजे आगीशी खेळ होता. १४ सप्टेंबर १९२९ ला सभेला निघालेल्या ट्रकमध्ये तिला गोळी लागली. खटला झाला, आरोपी निर्दोष सुटले. आपल्याकडे गिरणी कामगार बाबू गेनूचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. एला मेची कबर बेसेमर सिटीच्या स्मशानभूमीत आहे, शार्लटहून तासाभराच्या आत.

लोरे मिल आज लॉफ्ट आहे. तिथे राहणारी मराठी कुटुंबं मला माहीत आहेत. दुसरीकडच्या मिल-लॉफ्टमधल्या माझ्या एका मित्राच्या घरी लाकडी जमिनीवर काळपट डाग आहेत, कितीही पॉलिश केलं तरी जात नाहीत. त्याने बिल्डरकडे तक्रार केली होती. ते यंत्रांचं तेल आहे, वर्षानुवर्षं मेपलच्या फळ्यांत मुरलेलं. आणि त्या प्रचंड खिडक्या, ज्यांच्यासाठी आपण जादा भाडं देतो, त्या मधली कित्येक वर्षं विटांनी बुजवलेल्या होत्या. गिरण्यांत वातानुकूलन आलं तेव्हा सुताला हवा तो दमटपणा आणि तापमान राखण्यासाठी खिडक्या चिणून टाकल्या. बाहेर ऊन आहे की पाऊस हे आतल्या माणसाला पाळी सुटल्यावरच कळायचं. लॉफ्ट करताना त्या विटा फोडल्या. भिंतीवर विटांचा रंग कुठे बदलतो ते बारकाईने बघा, खिडकीची जुनी कड दिसेल.

१९३४ हे साल तर आपल्याला विसरता येणार नाही, कारण त्याच वर्षी लालबागचा राजा पहिल्यांदा बसला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मेनपासून अलाबामापर्यंत सुमारे चार लाख कापड कामगार संपावर गेले. ६ सप्टेंबरला साउथ कॅरोलिनातल्या हनी पाथ नावाच्या लहानशा गावात चिकोला मिलच्या दारात गोळीबार झाला आणि सात कामगार मेले. गावचा महापौर आणि गिरणीचा सुपरिंटेंडेंट एकच माणूस होता. चर्चनी अंत्यविधीला जागा दिली नाही, म्हणून तो उघड्यावर झाला आणि त्याला हजारो लोक आले.

आणि मग काय झालं? काहीच नाही. म्हणजे अक्षरशः काहीच नाही. संप तिसऱ्या आठवड्यात मोडला, पुढे गेलेल्यांची नावं काळ्या यादीत गेली, आणि गावाने तोंड मिटलं. बापाने मुलाला सांगितलं नाही, मुलाला विचारायचं सुचलं नाही. ज्यांच्या घरातला माणूस मेला आणि ज्यांच्या घरातल्या माणसाने बंदूक चालवली, ते पुढची साठ वर्षं त्याच रस्त्यावर राहत होते, एकाच दुकानातून साखर घेत होते. तिथल्या बागेत सात जणांच्या नावांचा दगड उभा राहिला तो १९९५ मध्ये. दगड लहान आहे. पण माझ्या मते या पट्ट्यातली सगळ्यांत धाडसी वस्तू तीच, कारण ती सरकारी फलकावर येणाऱ्या गोड गतकाळाबद्दल काही बोलत नाही.

इथेच सावध राहायला हवं. या गावांतल्या आठवणी ऐकायला बसलात तर पहिला तासभर गोड कहाणी येते: सगळे एकमेकांना ओळखायचे, दाराला कुलूप नसायचं, कुणी आजारी पडलं की शेजारी डबा आणायचे. हे खोटं नाही. आपल्या चाळीच्या आठवणीही अशाच असतात आणि त्याही खोट्या नसतात. पण त्या गोड कहाणीत कोण नाही, तेही विचारा. साउथ कॅरोलिनात १९१५ साली कायदाच झाला की कापडगिरणीत गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एका खोलीत काम करायचं नाही, एकच जिना, एकच पाण्याची बादली एका वेळी वापरायची नाही. तो कायदा निघाला १९६० मध्ये. कृष्णवर्णीय माणसाला काम मिळायचं ते अंगणात, बॉयलरवर किंवा कापसाच्या गाठी फोडायच्या खोलीत, जिथे धूळ सगळ्यांत जास्त. बाईला बहुधा गिरणीतल्या गोऱ्या बायकांच्या घरी, त्यांची मुलं सांभाळायला. मागावर आणि सूतकताईवर ते मोठ्या संख्येने आले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर. म्हणजे एखाद्या कृष्णवर्णीय विणकराला चांगली नोकरी लागली आणि तो निवृत्तीला येतो तोच गिरणी बंद पडली, असंही झालं.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. कारण दिलं जायचं की कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो. पगार चांगला त्याच खात्यात, हा निव्वळ योगायोग समजायचा! १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उचलून धरला, तेव्हा कामगार एकजुटीच्या भाषणांत किती जणांचे चेहरे पडले असतील याची कल्पना करा. गिरणगावाच्या आपल्या गोड आठवणींतूनही ही गोष्ट गळालेली असते. म्हणून म्हणतो, इथल्या मौनाकडे बोट दाखवायला आपण नाही जायचं. पण मौन कसं तयार होतं हे आपल्याला घरातूनच माहीत आहे, त्यामुळे कोणता प्रश्न विचारायचा राहिला ते आपल्याला लवकर कळेल.

‘पण हे आपलं नाही ना,’ असं एका मंडळाच्या पदाधिकाऱ्याने मला सांगितलं. मला वाटतं, आहे. १८६१ मध्ये इथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, गुलामांच्या घामावर पिकलेला कापूस लिव्हरपूलला जायचा थांबला आणि त्याचा भाव मुंबईत कडाडला. त्या पैशाने मुंबई वेडी झाली, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर निघाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि ते सगळं कोसळलं. त्याआधी १८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेचे कापूस-मळेवाले हिंदुस्थानात आणले होते, धारवाडकडे अमेरिकन वाण रुजवायला. हा धागा आपण इथे पहिल्या एच-वन व्हिसावर उतरलो त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

आणि अलीकडचा धागा तर अंग पुसायच्या टॉवेलचा आहे. कनॅपोलिस म्हणजे कॅनन मिल्सचं गाव, जगातल्या सगळ्यांत मोठ्या टॉवेल उत्पादकांपैकी एक. गावाला १९८४ पर्यंत नगरपालिकाच नव्हती, सगळं कंपनी बघायची. युनियनचं मतदान तिथे पुन्हा पुन्हा हरलं आणि १९९९ मध्ये जिंकलं. चार वर्षांनी, ३० जुलै २००३ ला, पिलोटेक्स या नावाने चालणारी ती कंपनी बंद झाली. एकूण सुमारे ७,६५० नोकऱ्या गेल्या, त्यांतल्या चार हजारांहून जास्त नॉर्थ कॅरोलिनातल्या. राज्याने तोवर एवढी मोठी कपात पाहिली नव्हती. कित्येकांचं हायस्कूलही पुरं झालेलं नव्हतं, कारण सोळाव्या वर्षी गिरणीत शिरलं की आयुष्य मार्गी लागलं अशी तिथली रीत. पन्नाशीची माणसं कम्युनिटी कॉलेजच्या बाकांवर बसली. गिरणी पाडली, चिमण्या पाडल्या, त्या जागी संशोधन संकुल उभं राहिलं. गावच्या बेसबॉल संघाचं नाव आज ‘कॅनन बॉलर्स’ आहे. गिरणी नावापुरती उरली, तीही शाब्दिक कोटीत.

अमेरिकेत आज जे टॉवेल येतात त्यांत भारतातून येणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. कनॅपोलिसच्या निवृत्त बाईशी बोलायला बसाल तेव्हा हे तिला माहीत असतं. ती लेबल वाचते. हा विषय निघाला तर ओशाळू नका आणि वादही घालू नका. तुमच्या मामाची गिरणीही बंद पडली आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं, हे सांगा. मला आलेला अनुभव असा: स्पार्टनबर्गजवळच्या एका गिरणी गावात चर्चच्या हॉलमध्ये जुने फोटो मांडून बसलेल्या एका विणकर बाईला मी माझे वडील मुंबईत गिरणीत होते असं सांगितलं. मुंबई कुठे आहे हे तिने विचारलं नाही. तिने विचारलं, ‘कोणती पाळी?’ मग खिशातून दोरा काढून तिने विणकराची गाठ मारून दाखवली. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दोन टोकांची फुली, एक फेरा, एक हलका हिसका. दीड सेकंद. गाठ इतकी बारीक की बोटाला लागत नाही, कारण जाडी गाठ फणीत अडकते आणि ताणा तुटतो. मागांच्या आवाजात ऐकू येत नसल्यामुळे ती आजही समोरच्याच्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे बघत बोलते. तिच्या नवऱ्याला सोमवारी छाती आवळायची. हा बिसिनोसिस, कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, इथल्या भाषेत ‘ब्राउन लंग’. कंपनीचे डॉक्टर सिगारेटचा दोष म्हणायचे. १९७५ मध्ये या कामगारांनी स्वतःची संघटना काढली, गावोगावी श्वास तपासायची शिबिरं भरवली, आणि १९७८ मध्ये कापसाच्या धुळीवर केंद्र सरकारची मर्यादा आली. गिरणीमालक सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८१ मध्ये हरले. आपल्या परळ-शिवडीच्या खोकणाऱ्या आजोबांच्या नशिबी असली शिबिरं किती आली ते तुम्हीच आठवा.

तर आता मागणं. फार मोठं नाही.

पत्रिकेवर गिरणीचं नाव आणि तिचं साल छापा. ती कुणाची जमीन आहे याच्याशी आपला संबंध नाही हे कृपा करून म्हणू नका. यांतल्या बऱ्याच इमारती ऐतिहासिक वास्तूंसाठीच्या करसवलती घेऊन उभ्या राहिल्या आहेत, म्हणजे त्यांच्या विटांत आपल्याही कराचा पैसा आहे. कार्यक्रमाच्या आधी पंधरा मिनिटं त्या गावातल्या माणसाला बोलायला द्या. आधी म्हणजे आधी. जेवणानंतर, लोक चपला शोधत असताना नको. त्याला मानधन द्या, आपण कीबोर्डवाल्याला देतो तेवढं तरी.

मराठी शाळेच्या मुलांची वर्षातून एक सहल काढा. गॅस्टोनियात लोरे मिलमध्येच इतिहास केंद्र आहे. बर्लिंग्टनजवळ ग्लेंको आहे, १८८० च्या दशकात उभं राहिलेलं अख्खं गिरणी गाव आणि कापड संग्रहालय. कूलीमीत गावकऱ्यांनी १९८९ मध्ये इतिहास मंडळ काढलं आणि गिरणीचं एक घर जसंच्या तसं राखलं. मोठ्या मुलांना हनी पाथला न्या. त्या दगडासमोर काय बोलायचं ते आधी ठरवून जाऊ नका.

सगळ्यांत महत्त्वाचं काम मात्र स्कॅनरचं आहे. या गावांच्या इतिहास संस्था पंचाहत्तर-ऐंशीच्या वयाची चार माणसं चालवतात. त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यांत फोटो आहेत, गिरणीची बातमीपत्रं आहेत, पगाराची पाकिटं आहेत, बेसबॉलच्या धावसंख्येच्या वह्या आहेत. आणि आपल्याकडे शनिवार मोकळे असलेले शे-दोनशे संगणकतज्ज्ञ आहेत, ज्यांना मेटाडेटा म्हणजे काय हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. चॅपल हिलच्या विद्यापीठाने १९७० च्या दशकापासून गिरणी कामगारांच्या शेकडो मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्यांतल्या बऱ्याच आज इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. आधी त्या ऐका. त्या बहुतांशी १९१० ते १९४० च्या आठवणी आहेत. २००१ ते २००५ मध्ये शेवटचा माग बंद करून घरी गेलेली पिढी त्यात फारशी नाही, आणि ती आता सत्तरीत आहे. मुलाखत घ्याल तर परवानगी लेखी घ्या, एक प्रत त्या घराला द्या, एक काउंटीच्या वाचनालयाला. मंडळाच्या फेसबुक पानावर टाकून मोकळे होऊ नका. आणि टेकडीवरच्या चर्चमध्ये जाल तर ओहोळापलीकडच्या कृष्णवर्णीय चर्चमध्येही जा.

‘आपली नॉन-प्रॉफिट संस्था आहे, राजकारण नको’ हा आक्षेप मला दोघांनी ऐकवला. एखाद्या आजीला तिच्या गिरणीतल्या पाळीबद्दल विचारणं हे राजकारण असेल तर हॉलमध्ये पोवाडा म्हणणं काय आहे? ‘वेळ नाही’ हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. खरंच नसतो. म्हणूनच सुरुवात पत्रिकेवरच्या एका ओळीपासून करा, तिला वेळ लागत नाही.

हा विषय पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत घ्यावा ही विनंती. स्पार्टनबर्ग आणि ग्रीनव्हिलच्या आसपासच्या गिरण्यांची नावं आणि सालं जुळवून द्यायला, शनिवारी स्कॅनर घेऊन यायला मी तयार आहे. गावातल्या वक्त्याला बोलवाल तेव्हा जेवायला थांबवा. मसालेभात चालतो, मी विचारून ठेवलं आहे. ठेचा जरा लांब ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक लालबागकर, हल्ली मुक्काम स्पार्टनबर्ग